टर्बोचा खरा फायदा उंचीवर

टर्बोचा (एक्झॉस्टच्या वायूंनी टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) फायदा म्हणून एवढंच सांगितलं जातं, लहान इंजिनातून जास्त ताकद. हे खरंच आहे, पण उंचीचा मुद्दा त्यात राहून जातो. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर हवा साधारण पंधरा टक्के विरळ होते आणि साध्या (बिनटर्बोच्या) इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. टर्बोचं तसं नाही. वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारा झडपेचा मार्ग) थोडा जास्त वेळ बंद राहतो, टर्बाइन आणखी वेगाने फिरते आणि सिलिंडरमध्ये हवा जवळपास पूर्वीइतकीच जाते.

दक्षिण आफ्रिकेतला क्यालामी ट्रॅक साधारण याच उंचीवर. 1979 मध्ये तिथल्या फॉर्म्युला वन शर्यतीसाठी ड्रायव्हर झाबुईने रेनोच्या दीड लिटर टर्बो गाडीवर पोल (सुरुवातीची सर्वांत पुढची जागा) घेतली, समोर तीन लिटरच्या साध्या गाड्या. शर्यतीत मात्र इंजिनाने दगा दिला (तेव्हाच्या रेनोचं हे नेहमीचंच, ब्रिटिश संघ तिला 'पिवळी किटली' म्हणून चिडवायचे). पुढच्या वर्षी पोल पुन्हा त्याचीच, शर्यत जिंकली सहकारी आर्नूने. अर्थात हे फुकट मिळत नाही. मेक्सिको सिटीचा ट्रॅक तर बावीसशे मीटरच्याही वर आहे. तिथे टर्बोला जास्त राबावं लागतं आणि विरळ हवेत ब्रेक-इंजिन थंड ठेवणं ही वेगळीच डोकेदुखी.