'अपवादाने नियम सिद्ध होतो' : नेमका अर्थ काय?

अंबाजोगाई (विचारणा) : मी बारावीला इंग्रजी शिकवतो. वाक्प्रचारांच्या तासाला 'दि एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' हे वाक्य आले, तेव्हा मी सवयीने 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असे फळ्यावर लिहून पुढे निघालो. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, 'ईडी' लावला की भूतकाळ होतो असं तुम्हीच शिकवलं. मग 'गो'चं 'वेंट' होतं त्यानं तो नियम सिद्ध कसा झाला? तो तर मोडला." मला उत्तर देता आले नाही, आणि ते अजून मनाला लागून राहिले आहे. मुलांना पटेल असे मराठी वाक्य कृपया सुचवावे.

परभणी : सर, घोटाळा 'प्रूव्ह' या शब्दाचा आहे. त्याचे मूळ लॅटिन 'प्रोबारे', म्हणजे पारखणे. छापण्याआधी तपासायचा कागद तो 'प्रूफ', आणि पुडिंगचे 'प्रूफ' खाण्यात असते असे इंग्रज म्हणतो तेव्हा त्यालाही पारखच अभिप्रेत असते. म्हणून 'अपवादाने नियमाचा कस लागतो' असे लिहावे. ते अस्सल मराठी आहे आणि मुलीच्या शंकेलाही पुरे पडते.

लातूर : काकांचे वाक्य कानाला फार गोड आहे, परंतु तो अर्थ या म्हणीला मागाहून चिकटवलेला आहे. मी वकिली करतो, आणि हे मुळात न्यायवचन आहे. त्याची 'ज्या प्रकरणांना वगळलेले नाही त्यांच्यापुरता' ही शेपटी इंग्रजीत गळून पडली आणि सगळा गोंधळ झाला. इ.स.पू. 56 मध्ये बाल्बसच्या नागरिकत्वाचा खटला लढवताना सिसेरोने हाच युक्तिवाद केला होता : काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्यापैकी कोणाला रोमचे नागरिक करून घेऊ नये' असे स्पष्ट कलम आहे, त्याअर्थी जिथे ते कलम नाही तिथे नागरिकत्व देण्यास मोकळीक आहे. आमच्याकडे मोंढ्यात एका आडतीच्या दारावर निळ्या पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात 'अमावास्येस दुकान बंद राहील' एवढेच लिहिलेले आहे. दुकान इतर दिवशी उघडे असते असे कोठेही लिहिलेले नाही, तरी प्रत्येक शेतकऱ्याला ते त्या पाटीवरूनच कळते. तेव्हा 'वगळल्यावरून नियम कळतो' असे भाषांतर करावे. 'वेंट' हे या म्हणीचे उदाहरणच नव्हे, असे त्या मुलीला निःसंकोच सांगावे.

छत्रपती संभाजीनगर : वकीलसाहेबांचा अर्थ मला मान्य आहे, भाषांतर नाही. आपल्या व्याकरणपरंपरेत सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात, आणि अपवादाचे क्षेत्र बाजूला काढल्यावर उरलेल्या जागी उत्सर्ग लागू होतो. 'अपवाद' हा शब्द इतका नेमका असताना 'वगळल्यावरून' कशासाठी?

परभणी : नेमका कसा? 'लोकापवाद' म्हणजे लोकनिंदा, हे विसरू नये. आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकले, ते अशा ठिकाणी 'इस्तिस्ना' म्हणत. त्या शब्दाला निंदेचा वास नव्हता.

लातूर : आजोबांबद्दल आदर आहे, पण आज लातुरात 'इस्तिस्ना' म्हटले तर पक्षकार उठून जाईल. रुळलेला शब्द केवळ व्युत्पत्तीसाठी उपटू नये.

छत्रपती संभाजीनगर : मग 'सिद्ध होतो' हेही रुळलेलेच आहे, वर्तमानपत्रांत रोज येते. ते का उपटता?

लातूर : कारण ते रुळले आहे ते चुकीच्या अर्थाने. कोणी स्वतःचे विधान खोटे ठरल्यावर ही म्हण ढालीसारखी पुढे करतो, हे मी कोर्टातही पाहिले आहे.

अंबाजोगाई : आपण सर्वांनी वेळ दिलात, आभारी आहे. मात्र ती मुलगी आता 'वेंट' आले कोठून असे विचारते आहे.

छत्रपती संभाजीनगर : ते 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे, जसे 'सेंड'चे 'सेंट'. 'गो'ने ते आपलेसे केले. आपल्याकडेही 'जातो' हे 'या' धातूपासून आणि 'गेला' हे 'गत'पासून आले, म्हणजे 'जाणे' या एका क्रियापदात दोन धातू नांदतात. तिला आधी हे मराठीतले दाखवावे.

परभणी : दाखवावेच, आणि सोबत आपल्या भागातले 'जायलो'ही दाखवावे. त्याला अशुद्ध म्हणून फळ्यावरून पुसू नये.

छत्रपती संभाजीनगर : बारावीच्या उत्तरपत्रिकेत 'जायलो' चालणार नाही, काका.

परभणी : प्रश्न उत्तरपत्रिकेचा नव्हता, त्या मुलीचा होता.