शब्दचर्चा : खोदाईची शिल्लक माती, राडारोडा, भराव आणि खाण बुजवणे

प्रश्न (अनुवादक, कोथरूड)

कॅनडातील आँटॅरिओ प्रांताच्या माती-नियमनावरील एका लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. तेथील २०१९च्या विनियमात ‘एक्सेस सॉइल’ अशी संज्ञा असून, ही माती जुन्या खाणींत भरण्यावर कोणते निर्बंध असावेत, हा लेखाचा विषय आहे. मी ‘अतिरिक्त माती’ आणि ‘भराव’ हे शब्द योजले होते. संपादकांनी मात्र पहिल्याऐवजी ‘राडारोडा’ सुचवला आहे. पुण्यात बांधकामाच्या व्यवहारात कोणते शब्द रूढ आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (स्थापत्य अभियंता, वाघोली)

‘राडारोडा’ येथे सर्वस्वी चुकीचा ठरेल. पाडलेल्या भिंतीच्या विटा, गिलाव्याचे पोपडे, फुटक्या फरश्या आणि काँक्रीटची ढेकळे म्हणजे राडारोडा. आपल्याकडे तळघरासाठी खोदताना बहुतेक ठिकाणी वर काळी माती लागते, तिच्याखाली मऊ मुरूम, मग कठीण मुरूम आणि शेवटी काळा खडक. यांपैकी काळी माती बागेसाठी, मुरूम जोत्यात किंवा रस्त्याखाली आणि दगड खडीसाठी जातो. यांत टाकाऊ असे काहीच नसते. तोच मुरूम राडारोड्याच्या ढिगात मिसळला की मात्र त्याला कोणी विचारत नाही.

गोंधळाचे मूळ काही अंशी आपल्या नियमांतही आहे. बांधकाम व पाडकाम कचऱ्याविषयीच्या २०१६च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यास तो वर्गवार वेगळा करण्यास सांगितले आणि त्या वर्गांत काँक्रीट, विटा, लाकूड यांच्या पंक्तीला मातीही बसवली. त्यामुळे कागदोपत्री माती कचऱ्यात मोडू लागली आणि लेखनातही तिला राडारोडा म्हणण्याची सवय लागली.

‘अतिरिक्त’ही मला पटत नाही. गरजेपेक्षा जास्त, असा त्याचा अर्थ होतो. आँटॅरिओच्या व्याख्येत गरजेचा प्रश्नच नाही. प्रकल्पासाठी खोदलेली आणि प्रकल्पक्षेत्राबाहेर नेलेली माती, एवढाच निकष आहे, आणि दगडमिश्रित मातीही तीत येते. मी ‘खोदाईची शिल्लक माती’ असे म्हणेन. ‘शिल्लक’ हा जमाखर्चातला शब्द असल्यामुळे जे उरले ते अजून उपयोगाचे आहे, हे तो न सांगता सुचवतो.

प्रतिसाद (महसूल विषयाचे अभ्यासक, सदाशिव पेठ)

आपल्या कायद्यात या मातीला आणखी एक नाव मिळू शकते, ते म्हणजे ‘गौण खनिज’ (वाळू, दगड यांसारखे बांधकामाचे खनिज). भराव व सपाटीकरणासाठी वापरायच्या साध्या मातीला केंद्र सरकारने २००० साली अधिसूचनेद्वारे गौण खनिजांत घातले आणि पायाच्या खोदाईवरही स्वामित्वधनाची, म्हणजे सरकारला द्यायच्या रॉयल्टीची, मागणी होऊ लागली. हा वाद पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयाने २०१४च्या निकालात म्हटले, त्याचा आशय असा की माती केवळ खोदली म्हणून गौण खनिज होत नाही; अधिसूचनेत सांगितलेल्या कामासाठी ती वापरली गेली का, हे पाहावे लागते. म्हणून अनुवादात ‘गौण खनिज’ वापरू नये, कारण त्यातून आँटॅरिओचा विनियम महसुलासाठी आहे असा समज होईल; त्याचा रोख मातीच्या गुणवत्तेवर आणि तिच्या वाहतुकीच्या नोंदीवर आहे.

परिमाणाबद्दलही एक सूचना. तेथे १०,००० घनमीटर वा त्याहून अधिक माती स्वीकारणाऱ्या जागेला नोंदणी करावी लागते. आपल्या वाचकाला हा आकडा सुमारे ३,५०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) असा सांगितला, तर डंपर मोजणाऱ्यालाही तो चटकन कळेल.

प्रतिसाद (स्थापत्य अभियंता, वाघोली)

आता ‘भराव’. रेल्वेचा भराव, पुलाच्या जोडरस्त्याचा भराव, नदीपात्रात टाकलेला भराव, या सर्व प्रयोगांत मूळ जमिनीपेक्षा उंची वाढवणे अभिप्रेत आहे. खोल गेलेली जमीन पूर्वीच्या पातळीला आणायची असेल, तर मराठीत ‘बुजवणे’ म्हणतात. विहीर बुजवतात, खड्डा बुजवतात, तशीच खाणही बुजवावी. माझ्या मते हा भेद नियमनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण खाण बुजवताना टाकलेली माती भूजलाच्या पातळीखाली जाऊ शकते आणि मग ती कोठून आली, तिच्यात तेल किंवा रसायने आहेत काय, हे विचारणे भाग पडते. वाघोलीकडच्या कित्येक जुन्या खाणींत पाणी साठलेले असते आणि बेसाल्टच्या भेगांतून ते आसपासच्या विहिरींपर्यंत पोचू शकते.

आँटॅरिओच्या कायद्यात सुट्या वाळू-गोट्यांची खाण आणि अखंड खडकाची खाण यांना ‘पिट’ आणि ‘क्वारी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिलीसाठी ‘खड्डा’ लिहिल्यास रस्त्यावरचा खड्डा डोळ्यांसमोर येईल. ‘वाळू-गोट्यांची खाण’ आणि ‘दगडखाण’ अशी जोडी ठेवावी. ‘मुरमाची खाण’ हा शब्द आपल्याकडे आहे खरा, पण मुरूम हा खडक कुजून होतो, तर तिकडचा माल बहुतांशी हिमनद्यांनी आणून टाकलेला आहे.

प्रश्नकर्त्याची भर

आभारी आहे. खाण बुजवून जमीन पुन्हा वापरात आणण्यासाठी ‘पुनर्भरण’ लिहावे काय?

प्रतिसाद (महसूल विषयाचे अभ्यासक, सदाशिव पेठ)

लिहू नये. ‘पुनर्भरण’ विहिरी आणि भूजल यांच्याशी इतके जखडले आहे की ‘खाणीचे पुनर्भरण’ वाचून कोणालाही तीत पावसाचे पाणी सोडल्यासारखे वाटेल. ‘पुनर्वसन’ धरणग्रस्तांसाठी राखलेले बरे. ‘खाण बुजवून जमीन पूर्ववत करणे’ हे लांब आहे, तरी तेच ठेवावे.