भिंगातील क्रिस्टॅलिन प्रथिने आणि मोतीबिंदू: एक शंका

प्रश्न:
आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांनी समजावून सांगितले की, कच्च्या अंड्यातील पारदर्शक द्रव उकडल्यावर जसा पांढराफट्ट होतो, तसेच काहीसे भिंगातील प्रथिनांचे होते. उपमा पटली, पण दोन शंका उरल्या. भिंगाच्या वजनापैकी सुमारे एकतृतीयांश वाटा प्रथिनांचा असतो, असे वाचनात आले. दुधात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असूनही त्यातून आरपार दिसत नाही. मग भिंगासारखे दाट द्रावण मुळात पारदर्शक राहतेच कसे? शिवाय डोळा काही उकळत नाही, तर ही प्रथिने साकळतात कशामुळे? क्रिस्टॅलिन या नावावरून ती स्फटिकरूप असावीत, असाही माझा समज आहे.

प्रतिसाद १:
आधी नावाविषयी. ही प्रथिने स्फटिकरूप नसतात. स्फटिकासारख्या स्वच्छ भिंगात सापडतात म्हणून त्यांना ते नाव मिळाले. गंमत म्हणजे गॅमा-डी या क्रिस्टॅलिनच्या एका प्रकाराच्या जनुकातील एका दुर्मिळ बदलामुळे भिंगात खरोखरच प्रथिनाचे स्फटिक तयार होतात आणि त्याची परिणती लहानपणीच मोतीबिंदूत होते.

दुधाचा पांढरेपणा त्यातील स्निग्धांशाच्या गोलकांमुळे आणि केसीन या दुधातील प्रथिनाच्या मोठ्या पुंजक्यांमुळे येतो. अल्फा, बीटा आणि गॅमा ही क्रिस्टॅलिन त्यामानाने फार लहान असतात. मात्र खरे कारण लहान आकारात नसून दाटीत आहे. विरळ द्रावणात प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे प्रकाश विखुरतो. रेणू एकमेकांना खेटून बसले की शेजाऱ्यामुळे प्रत्येकाची जागा बरीचशी ठरून जाते, आणि त्यांनी विखुरलेल्या लहरी एकमेकींना बहुतांशी नाहीशा करतात. भिंगातील प्रथिनांचे द्रावण दाट करत नेले तर प्रकाशाचे विखुरणे आधी वाढते, पण एका मर्यादेनंतर कमी होऊ लागते, हे 1983 मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आले. तेव्हा ‘इतके दाट असूनही पारदर्शक’ असे न म्हणता ‘इतके दाट म्हणूनच पारदर्शक’ असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

प्रतिसाद २:
दुसऱ्या शंकेचे उत्तर भिंगाच्या घडणीत आहे. भिंगातील तंतुपेशी पक्व होताना आपले केंद्रक, तंतुकणिका वगैरे सारे टाकून देतात, कारण तेही प्रकाशाच्या वाटेत आले असते. या सोयीची किंमत अशी की त्या पेशींना पुढे नवे प्रथिन तयार करता येत नाही, आणि भिंगाच्या गाभ्यातील काही प्रथिने तर जन्मापूर्वीची असतात. (त्यांतील कार्बन-14 मोजून जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो.) इतक्या वर्षांत अमिनो आम्लांत हळूहळू बदल होतात, साखळ्या तुटतात, आणि ग्लुटाथायोन या ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या रेणूचे संरक्षण कमी पडू लागले की गंधकयुक्त गट ऑक्सिडीकृत होऊन रेणू एकमेकांना जखडले जातात. मधुमेहात साखरेचे रेणूही प्रथिनांना चिकटतात.

तरीही पारदर्शकता अनेक दशके टिकते, याचे बरेचसे श्रेय अल्फा क्रिस्टॅलिनला जाते. हे प्रथिन केवळ रचनात्मक नसून, बिघडू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवते आणि त्यांचे पुंजके होऊ देत नाही, हे जोसेफ हॉरविट्झ यांनी 1992 मध्ये दाखवून दिले. मात्र धरलेले ओझे ते सहसा सोडत नाही. नवी भर पडत नसल्यामुळे गाभ्यातील मोकळ्या अल्फा क्रिस्टॅलिनचा साठा मध्यम वयापर्यंत जवळजवळ संपतो. त्यानंतर वाढलेले पुंजके प्रकाश विखुरू लागतात.

प्रतिसाद ३:
अंड्याची उपमा मला अपुरी वाटते. उकडताना प्रथिनांच्या घड्या उलगडतात. मोतीबिंदूसाठी ते प्रत्येक वेळी आवश्यक नसते. कोवळ्या प्राण्याचे भिंग थंड केले की ते दुधाळ होते आणि ऊब मिळताच पुन्हा स्वच्छ होते, कारण तेथे द्रावणाचे फक्त दाट आणि विरळ असे दोन भाग पडलेले असतात. काही जन्मजात मोतीबिंदूंतही प्रथिनाची घडी जवळपास शाबूत असते, फक्त विद्राव्यता घटलेली असते. वार्धक्यातील मोतीबिंदूत घडी बिघडते हे मान्य, पण ती उष्णतेने एकदम बिघडत नाही, वर्षानुवर्षे साचत जाणाऱ्या रासायनिक बदलांनी बिघडते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. मग हे पुंजके थेंबांनी पुन्हा विरघळवता येणार नाहीत का?

प्रतिसाद २ चे लेखक:
तसे प्रयत्न झाले आहेत. लॅनोस्टेरॉल या स्टेरॉल वर्गातील पदार्थामुळे कुत्र्यांच्या भिंगातील धूसरपणा कमी झाल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले होते, पण मानवी भिंगांवरील पुढच्या चाचणीत तसा परिणाम दिसला नाही. जखडलेले बंध तोडायचे आणि तेही निरोगी प्रथिनांना धक्का न लावता, हे अवघड काम आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत धूसर भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच आज खात्रीचा उपाय आहे.