एक्स्टेन्शन बदलून काही होत नाही, मूळ फाइल जपा

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलं की जुन्या मोबाईलची एएमआर फाइल (त्यावर रेकॉर्ड केलेल्या आवाजाची) ब्राउझरमध्ये वाजत नसेल तर नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, बदलून एमपी३ करा. नाही हो, नावानं आतला डेटा बदलत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहा, बाकी सगळा कचरा दिसेल पण सुरुवातीलाच एएमआर लिहिलेलं असते, आणि क्रोम-फायरफॉक्सकडे त्याचा डिकोडरच, म्हणजे ती फाइल उलगडून वाजवणारा भागच नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये मात्र आरामात वाजते.

दुसरं, सॉफ्टवेअरनं एमपी३त कन्व्हर्ट करा म्हणणारे बरोबर आहेत पण ३२० केबीपीएसवर (सेकंदाला ३२० किलोबिट डेटा) करू नका बापा. एएमआर फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेलं, सेकंदाला ८००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) आणि जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस, म्हणजे तासभराचं भजन सहा एमबीच्या आत. तेच ३२० वर केलं की १४४ एमबी होते आणि आवाज काडीचा सुधरत नाही, खंजिरीच्या झांजांचा वरचा आवाज रेकॉर्ड होतानाच गेलेला असतो. आमच्याकडे गावात म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाचं गाणं असं बरंच काही जुन्या नोकियात अडकलेलं आहे, त्यातल्या काही बाया आता राह्यल्या नाहीत. मी एफएफएमपेग या फुकटच्या सॉफ्टवेअरनं २४ केबीपीएस मोनो (एकाच चॅनेलची) ओपस फाइल करून, म्हणजे कमी जागेत चांगला आवाज देणारा प्रकार, पेजवर टाकतो, शेतात टॉवर एक काडी दाखवत असला तरी पोरं ऐकतात. पण मूळ एएमआर अजिबात डिलीट करू नका, एमपी३-ओपससारख्या प्रत्येक कन्व्हर्जनमध्ये थोडं गळतेच, पुढं कोणी चांगलं साफ करायला बसला तर त्याले मूळचीच फाइल लागंल.