जुन्या तंत्रज्ञानावर काम करत राहिलं तर करिअर अडकतं का?

हिंजवडीकर (धागाकर्ता)
कॉलेजमधून थेट एका अमेरिकी विमा कंपनीच्या मेनफ्रेम (प्रचंड व्यवहार सांभाळणारे मोठे संगणक) सपोर्टवर आलो. कोबोल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा, जॉब चालवायच्या सूचना लिहायचं जेसीएल, डीबी२ डेटाबेस. रात्री बॅच जॉब (एकगठ्ठा चालणारं काम) एस०सी७ ही एरर देऊन ॲबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, की उठायचं, कुठल्या रेकॉर्डमध्ये आकड्याच्या जागी भलतंच काही शिरलंय ते शोधायचं आणि जॉब पुन्हा लावायचा. काम चांगलं येतं, क्लायंट खूश आहे, म्हणूनच मॅनेजर रिलीज (दुसऱ्या प्रोजेक्टवर जायची परवानगी) देत नाही. माझं मत असं की अशा कामात पहिली काही वर्षं शिकायला मिळतं, पुढे माणूस फक्त अडकतो.

बॅचजॉब
अजिबात पटलं नाही. कोबोल १९५९ सालचं असलं तरी २०२३ मध्ये त्याचं नवं आयएसओ प्रमाण आलं, आयबीएम अजून नवी मेनफ्रेम काढतेय. मृत तंत्रज्ञान म्हणजे व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६ ही प्रोग्रामिंग भाषा), ज्याच्या डेव्हलपमेंट टूल्सचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये संपवला. किंवा अँग्युलरजेएस हे वेब फ्रेमवर्क, ज्याचा सपोर्ट गूगलने २०२१ अखेर थांबवला. त्यावर बसलेल्यांनी खरोखर घाबरावं. तुम्ही तर विमा शिकताय! पॉलिसी लॅप्स कधी होते, क्लेम कुठे अडतो, हे ज्ञान फ्रेमवर्कसारखं दर दोन वर्षांनी बदलत नाही.

मुळामुठा
मी मुलाखती घेते, म्हणून स्पष्ट लिहिते. रिक्रूटर ‘जावा, स्प्रिंग बूट, एडब्ल्यूएस’ अशी नव्या तंत्रज्ञानाची नावं टाकून शोधतो, त्यात हिंजवडीकरांचा रेझ्युमे वरच येत नाही. आलाच तरी खरी अडचण पगाराची. पगार एकूण अनुभवावर वाढलेला असतो आणि नव्या स्टॅकवर हात जवळजवळ कोरा. त्याच पैशांत मला रोज जावात काम करणारा मिळत असेल, तर मी यांना का घेऊ? दर वर्षी हा फरक वाढतो. विम्याच्या ज्ञानाचे पैसे बिझनेस ॲनालिस्टला मिळतात. रात्री जॉब लावणाऱ्याला ते मिळताना मी पाहिलेले नाहीत.

एडिसनकर
एप्रिल २०२० मध्ये आमच्या न्यू जर्सीत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा गव्हर्नर फिल मर्फींनी कोबोल येणारे लोक हवेत असं जाहीर सांगितलं. कोबोलच्या बाजूने हे उदाहरण हमखास देतात. पण ती हाक स्वयंसेवकांना होती! यंत्रणेला तुमची गरज आहे म्हणून ती तुम्हाला मोल देईलच असं नाही.

बॅचजॉब
मोल मायग्रेशनमध्ये, म्हणजे जुन्या यंत्रणेवरून नव्यावर जाण्याच्या कामात आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने ग्राहकांचा डेटा नव्या प्लॅटफॉर्मवर हलवला आणि लाखो लोकांना आपलंच खातं उघडता येईना. हे काम किती अवघड आहे ते त्यातून कळतं. साधी गोष्ट घ्या: कोबोलमधली कॉम्प-३ (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) रक्कम कुणी जावात डबलमध्ये, म्हणजे अंदाजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात घेतली तर पैशांत फरक पडायला लागतो, तिथे बिगडेसिमल हा अचूक प्रकारच लागतो. दोन्ही बाजू वाचता येणारा माणूस दुर्मीळ आहे.

मुळामुठा
दोन्ही बाजू येणारा, हे मान्य. पण सपोर्टवर बसून दुसरी बाजू आपोआप येत नाही. कंपनी ट्रेनिंग देईल म्हणून वाट बघणारे मला दर महिन्याला भेटतात.

हिंजवडीकर
आमच्या क्लायंटचं क्लेम मॉड्यूल आता जावावर हलवलं जातंय, टीम चेन्नईत आहे. कॉपीबुक (कोबोलमधली रेकॉर्डची रचना लिहिलेली फाइल) वाचून डेटा मॅपिंग करायला त्यांना माणूस हवाय. या आठवड्यात अर्ज टाकतो. रिलीज नाकारलं तर पगार थोडा कमी घेऊन बाहेर पडेन. बॅचजॉब, विम्याबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं, पण इथेच थांबा हे अजूनही पटलेलं नाही.