तक्रार केली की अहंकार, गप्प बसलं की साधना?

दहीपोहे:
काल इथे एकाने टाकलेली पोस्ट वाचल्यापासून डोकं फिरलंय म्हणून वेगळा धागा काढतोय. पोस्टचा सारांश असा की आजारपण, पैशाची ओढाताण, घरातली कटकट सगळं आपलंच प्रारब्ध, तक्रार म्हणजे अहंकाराची भाषा, अ‍ॅटिट्यूड बदला आणि कृतज्ञ रहा की प्रगती आपोआप. खाली नमस्कारांची रांग.

माझ्या बहिणीच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्या एका काकूंनी हातात ढोकळ्याची डिश धरून सगळ्यांसमोर सांगितलं, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार गं, भोगूनच संपवायचं." बहीण पुढे २ वर्षं कुठल्या कार्याला गेली नाही. काकू रोज विष्णुसहस्रनाम म्हणतात बरं का. प्रारब्ध स्वतःच्या दुखण्याला लावा, कोण नको म्हणतंय, पण दुसऱ्याच्या पोराची खतावणी उघडायला तुम्हाला कोणी बसवलं?

निवांत_नाशिककर:
काकू चुकल्या, मान्य. पण एका काकूंवरून अख्खा कर्मसिद्धांत मोडीत काढणार? संचित म्हणजे साठलेलं कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातलं या जन्मी भोगायचं, आणि क्रियमाण, यातला फरक इथे सगळ्यांना माहीत आहे, पोस्टवाला क्रियमाणाबद्दल बोलत होता, म्हणजे आत्ता आपल्या हातात काय आहे ते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना सुरुवातच अमानित्वाने, म्हणजे मानाची हाव नसण्याने आहे. तुम्हाला राग आला ना, तिथेच तुमचा 'मी' दुखावला.
आणि पुस्तकी बोलत नाहीये. माझी नोकरी गेली तेव्हा ८ महिने घरी बसून साहेबाला शिव्या घालत होतो, झोप उडाली, बायकोवर ओरडायचो. ज्या दिवशी म्हटलं हे माझे भोग, त्या रात्री झोपलो.

दहीपोहे:
'माझे भोग' म्हणालात ना? मग मी वेगळं काय म्हणतोय. आणि ते 'राग आला म्हणजे अहंकार' भारी हत्यार आहे हां, समोरचा बोलला तर अहंकारी, गप्प बसला तर तुम्ही जिंकलात. त्याच तेराव्या अध्यायावर माऊली काय म्हणतात तेही वाचा, "नवल अहंकाराची गोठी, विशेषें न लगे अज्ञानापाठीं, सज्ञानाचे झोंबे कंठीं." शहाण्यांच्याच गळ्याला पडतो तो.

गावकुसाबाहेर:
काकूंचं सोडा. चोखोबांच्या नावावरच्या अभंगात पूर्वी कृष्णनिंदा घडली म्हणून हा महाराचा जन्म मिळाला असं आहे. इतकं मुरवलं होतं हे माणसाच्या डोक्यात. मंगळवेढ्याला १३३८ साली भिंत कोसळून गेले, समाधी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी, बाहेरच. अस्पृश्यांना आत जायला मिळावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. आणि चोखोबांची बायको सोयराबाई विचारते, "देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध." ही तक्रारच आहे. तिला पण अ‍ॅटिट्यूड बदल म्हणून सांगणार का?

निवांत_नाशिककर:
झालं, आला विषय जातीवर. आता चर्चा संपली.

गावकुसाबाहेर:
आणला नाही, तिथेच होता. तुम्हाला दिसत नव्हता.

आज्जीची_तुळस:
भांडा भांडा. तक्रारीवरून सांगते, माझे आजोबा माऊलींच्या पालखीत रथामागच्या दिंडीत २० वर्षं चालले. मुक्कामाला समाजआरती असते, चोपदाराने दंड वर केला की एवढा मोठा तळ एकदम चिडीचूप. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जाणार, तक्रार ऐकणार, निवाडा होणार, मगच आरती. आजोबांच्या दिंडीने एकदा पाण्याच्या टँकरवरून टाळ वाजवले होते. म्हणजे दिवसभर एकमेकांच्या पाया पडणारी माणसं संध्याकाळी रीतसर तक्रार करतात आणि देव थांबतो.

कोल्हापुरी_ठसका:
लई भारी, पण वारीत अहंकार नसतो हे मला सांगू नका. आमच्या मामाच्या दिंडीत वीणा कोणी घ्यायचा यावरून २ भाऊ ४ वर्षं बोलत नव्हते. रथापुढच्या २७ दिंड्यांत कोण, मागे कोण, विचारा जरा.

रांगेतला_माणूस:
वीणा राहू दे, रांगेचं बोला! एका मोठ्या देवस्थानात आईला घेऊन ७ तास उभा होतो, तिचे गुडघे गेलेले, आणि बाजूच्या दाराने पासवाले १० मिनिटांत आत. मी बोललो तर मागचा म्हणतो, "शांत रहा, देवाच्या दारी राग नको." अरे तू पण माझ्यासारखाच ताटकळतोयस ना!

कोल्हापुरी_ठसका:
पास काढला असता तर?

रांगेतला_माणूस:
तुमच्यासारख्यांमुळेच ही वेळ आलीय.

आज्जीची_तुळस:
देणगी दर्शनातून अन्नछत्र चालतं म्हणतात, तेवढं तरी धरा.

रांगेतला_माणूस:
चालू द्या की अन्नछत्र! पण ७० वर्षांच्या बाईला बसायला एक बाकडं नाही आणि वर मला शांतीचे धडे?

दहीपोहे:
माझा धागा कुठे गेला रे?

निवांत_नाशिककर:
पासवर बसलाय. बरं, एवढं कबूल करतो की काकूंनी ते मनात ठेवायला हवं होतं. मीही साडूला त्याच्या बायपासनंतर असंच काहीतरी ऐकवलं होतं, तो त्यानंतर फोन उचलत नाही. त्याचं प्रारब्ध म्हणून सोडून दिलं होतं.

दहीपोहे:
मग लावा फोन. क्रियमाण हातात असतं म्हणाला होतात.

निवांत_नाशिककर:
लावला. कट केला त्याने. खूश?