शिकारीसाठी दुर्बीण : आठपट, दहापट की बारापट?

रानवाट : नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि शिकारीचा परवाना यंदा प्रथमच काढला आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या रायफल हंगामात व्हाइटटेल हरणासाठी जाण्याचा विचार असून बहुतेक वेळ ओकच्या दाट रानात मचाणावर बसून जाईल. दुकानदार १२×५० (म्हणजे बारापट, पुढचे भिंग ५० मिलिमीटर व्यासाचे) दुर्बिणीचा आग्रह धरतो आहे. मला चष्मा आहे. काय घ्यावे? आणि रायफलवर दुर्बीण असताना वेगळी हवीच का?

जुना_टेहळ्या : माझे मत ८×४२ ला आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. १२×५० मध्ये ती सुमारे ४.२ मिलिमीटर, तर ८×४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर भरते. तुमच्याकडे सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत हरणाची शिकार करता येते आणि हरणे नेमकी त्या दोन्ही टोकांनाच बाहेर पडतात. अंधुक प्रकाशात डोळ्याची बाहुली विस्फारलेली असताना हा एका मिलिमीटरचा फरक चांगलाच जाणवतो.

शिवाय दाट रानात अख्खे हरीण क्वचितच दिसते. खोडांच्या उभ्या रेघांत पाठीची एखादी आडवी रेघ, हललेला कान किंवा ओल्या नाकाची चमक एवढेच नजरेस पडते, आणि ते टिपायला मोठी प्रतिमा नव्हे, रुंद दृष्टिक्षेत्र लागते. राज्याच्या बऱ्याच भागांत नराच्या शिंगाला एका बाजूस किमान तीन टोके असावी लागतात आणि इंचापेक्षा लहान फाटा टोक म्हणून धरत नाहीत. पन्नास-साठ यार्डांवर ती मोजायला आठपट पुरेशी आहे.

माळरान : दाट रानापुरते हे मान्य आहे. मात्र पुढे कधी वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्यासाठी जाणार असाल, तर तेथे आठपट तोकडी पडते. दोन्हीकडे चालेल अशी एकच हवी असल्यास १०×४२ घ्यावी. दहाच्या पुढे हाताचा कंप फार जाणवतो. अरिझोनाच्या डोंगरउतारांवर लोक १५×५६ वापरतात, पण ती ट्रायपॉडवर बसवून. बारापट घेऊन मचाणावर बसणे मला तरी पटत नाही.

जुना_टेहळ्या : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. वेगळी दुर्बीण हवीच. रायफलवरच्या दुर्बिणीतून रान न्याहाळायचे म्हणजे ओळख न पटलेल्या हालचालीवर नळी रोखायची, आणि त्या झुडपामागे केशरी जाकीट घातलेला दुसरा शिकारीही असू शकतो.

चष्मा असल्याने नेत्रभिंगापासून डोळ्यापर्यंतचे अंतर, ज्याला आय रिलीफ म्हणतात, १६ मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक आहे ना, ते पाहावे. मागच्या रबरी वाट्या आत फिरवून, चष्मा घातलेला ठेवून पूर्ण गोल दिसतो का, हे दुकानातच तपासा. कडेने काळे दिसल्यास ती दुर्बीण घेऊ नये. जमल्यास दिवेलागणीच्या सुमारास दुकानाबाहेर उभे राहून ८×४२ आणि १२×५० या दोन्ही दुर्बिणी समोरच्या झाडीकडे धरून बघा.